फ्लोरेन्सहून एका दिवसाची सहल: तिकिटे सांगलीतून काढावीत की तिथे जाऊन?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयता मे महिन्यात सांगलीहून बारा दिवसांसाठी इटली आणि स्वित्झर्लंडला निघणार आहात, फ्लोरेन्सला चार आणि लुसर्नला तीन रात्री मुक्काम आहे, आणि विमान, हॉटेल व व्हिसा ही कामे मार्गी लागली आहेत. आता फ्लोरेन्सहून एक दिवस पिसा व लुक्का, एक दिवस व्हेनिस, आणि लुसर्नहून एक दिवस युंगफ्राउयोख (आल्प्समधले उंचावरचे रेल्वे स्टेशन) असे करून प्रत्येक वेळी रात्री मुक्कामी परतायचे आहे. जावई म्हणतात की सगळी तिकिटे आत्ताच काढा, ऐनवेळी महाग पडतात. शेजारचे गृहस्थ मागच्या वर्षी जाऊन आले आहेत आणि ते म्हणतात की स्टेशनवरच्या यंत्रातून काढा, काही अडत नाही. कोणाचे ऐकावे, हे आपण विचारले आहे. गेली बावीस वर्षे सांगली-मिरजेच्या प्रवाशांची परदेशातील रेल्वेची तिकिटे काढून देण्याचे काम मी करतो, आणि या अनुभवावरून सांगतो की जावयांचे म्हणणे व्हेनिसच्या दिवसाला लागू आहे, शेजाऱ्यांचे पिसाच्या दिवसाला, आणि युंगफ्राउयोखच्या बाबतीत दोघांचेही थोडे थोडे ऐकावे लागेल.

आपला गोंधळ का होतो, हे आधी पाहू. आपल्याकडे लांबच्या गाडीचे आरक्षण ही उशीर केला की हातची जाणारी गोष्ट आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसचा बर्थ दिवाळीच्या आठवड्यात हवा असेल, तर आरक्षण उघडताच बसावे लागते. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली, तेव्हापासून माणसे तारीख मोजून बसतात. उशीर झाला की वेटिंग, नशीब असेल तर आरएसी, नाहीतर तत्काळ. या सवयीमुळे ‘तिकीट’ आणि ‘आरक्षण’ हे दोन शब्द आपल्या डोक्यात एकच होऊन बसले आहेत. युरोपात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रतीक्षा यादी हा प्रकारच नाही.

इटलीत गाड्यांचे दोन वर्ग मनात पक्के धरावेत. पहिला वर्ग म्हणजे ‘रेजिओनाले’ नावाच्या प्रादेशिक गाड्या. सांगलीहून किर्लोस्करवाडीला जाण्यासाठी खिडकीवर जे साधे तिकीट काढतो, त्याच जातीचे हे तिकीट असते: भाडे अंतरावर ठरलेले, तीन महिने आधी काढा किंवा पाच मिनिटे आधी काढा, रक्कम तीच, आसन क्रमांक नाही, आणि ‘तिकिटे संपली’ असे कधी होत नाही. दुसरा वर्ग म्हणजे वेगवान गाड्या, ज्यांत सरकारी मालकीच्या ट्रेनितालियाची ‘फ्रेच्चारोस्सा’ आणि 2012 पासून धावणारी खासगी ‘इटालो’ या मुख्य आहेत. यांचे तिकीट एका ठरावीक गाडीचे व ठरावीक आसनाचे असते आणि त्याचे भाडे विमानाच्या भाड्यासारखे हलते, म्हणजे लवकर घेणाऱ्याला स्वस्त आणि आदल्या दिवशी घेणाऱ्याला कधी कधी दुप्पट-तिप्पट. एखाद्या सहलीचे तिकीट आधी काढावे की नाही, याचे उत्तर ती सहल या दोनपैकी कोणत्या गाडीने होणार, यावरच जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते.

पिसा आणि लुक्का हा सगळा प्रवास पहिल्या प्रकारच्या, म्हणजे प्रादेशिक, गाड्यांचा आहे. फ्लोरेन्स ते पिसा हे अंतर सुमारे 80 किलोमीटर, जलद प्रादेशिक गाडीला एक तासाच्या आतबाहेर लागते आणि एका बाजूचे भाडे दहा युरोंच्या आसपास असते. हे तिकीट सांगलीतून काढून एक पैसाही वाचत नाही, उलट तो दिवस बांधला जातो. आदल्या रात्री पाय दुखले, सकाळी पाऊस लागला, किंवा सौभाग्यवतींना उफीझी संग्रहालयातच आणखी अर्धा दिवस घालवावासा वाटला, तर पिसाचा दिवस उद्यावर ढकलता आला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी आठ जण आधी या छोट्या तिकिटांचीच चौकशी करतात आणि महागड्या व्हेनिसच्या तिकिटाकडे निघायच्या आठवड्यात वळतात. म्हणजे नेमके उलटे.

या दिवसासाठी जाण्यायेण्याचे तिकीट काढू नका, असेही मी सुचवेन, कारण एका वाटेने जाऊन त्याच वाटेने परतण्यापेक्षा त्रिकोण करणे अधिक सोयीचे आहे. सकाळी फ्लोरेन्सहून प्रातो, पिस्तोया या मार्गाने लुक्काला जावे. दीड तासाच्या जवळपास लागतो. लुक्काचे स्टेशन जुन्या तटबंदीच्या अगदी बाहेर आहे आणि सुमारे चार किलोमीटरच्या त्या रुंद तटावरून झाडांच्या सावलीत चालत अख्ख्या गावाला वळसा घालता येतो. दुपारी तिथून पिसाची गाडी धरावी, अर्ध्या तासाचा प्रवास आहे, आणि पिसाच्या मुख्य स्टेशनाच्या आधी ‘पिसा सान रोस्सोरे’ हे लहान स्टेशन लागते तिथे उतरावे. झुकता मनोरा तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, तर ‘पिसा चेंत्राले’ या मुख्य स्टेशनाहून तेच अंतर अर्ध्या तासाचे पडते. सातारचे स्टेशन माहुलीकडे आणि गाव पोवई नाक्याकडे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला स्टेशनाच्या नावात गावाचे नाव असणे आणि स्टेशन गावात असणे यांतला फरक समजावून सांगावा लागू नये. मनोरा पाहून झाल्यावर गावातून रमतगमत, आर्नो नदी ओलांडून, संध्याकाळी मुख्य स्टेशनवर यावे आणि फ्लोरेन्सची थेट गाडी घ्यावी. म्हणजे माणशी तीन एकेरी तिकिटे झाली, आणि त्या त्या स्टेशनवर यंत्रातून ती काढायला प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरतात. गंमत अशी की या दिवसात आधी आरक्षण लागते ते गाडीचे नव्हे, मनोऱ्याचे: वर चढायचे असेल तर वेळ ठरवून दिलेली मोजकी तिकिटे असतात आणि मे महिन्यात ती आधीच संपतात. अडीचशेहून अधिक पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांचा सल्ला घेऊनच ठरवावे. खालून पाहायला काही लागत नाही.

या कागदी तिकिटांबाबत एक नियम असा आहे की जो न पाळल्यामुळे मी स्वतः दंड भरला आहे. यंत्रातून निघालेल्या प्रादेशिक तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी शिक्का मारावा लागतो. फलाटाच्या तोंडाशी खांबावर वा भिंतीवर लहान यंत्रे असतात, त्यांच्या फटीत तिकिटाचे टोक सरकवले की तारीख व वेळ छापली जाते, आणि तेथून चार तास ते तिकीट प्रवासाला चालते. आपल्याकडे तिकीट काढले म्हणजे काम झाले. तिकडे शिक्का नसलेले तिकीट म्हणजे पुन्हा वापरता येईल असे तिकीट, म्हणून टीसीच्या दृष्टीने आपण विनातिकीटच. पहिल्या फेरीत मी आणि माझी पत्नी खिशात पूर्ण पैसे भरलेली तिकिटे घेऊन निश्चिंत बसलो होतो. टीसीने शांतपणे नियम वाचून दाखवला आणि तिकिटाच्या कित्येक पट रक्कम घेतली. चूक माझीच होती, तिकिटाच्या पाठीमागे सगळे छापलेले होते. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रवाशाच्या पाकिटावर मी लाल शाईने ‘शिक्का’ असे लिहून देतो. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ व स्टेशन लिहून गाडीत बसताच आपणहून टीसीला गाठावे. त्याने विचारेपर्यंत थांबू नये. वेगवान गाडीच्या तिकिटावर गाडी व वेळ छापलेलीच असल्याने तिथे हा प्रकार नाही.

यंत्रावर इंग्रजी भाषा निवडता येते, पण गावांची नावे इटालियनच राहतात. फ्लोरेन्स म्हणजे ‘फिरेन्झे’, व्हेनिस म्हणजे ‘वेनेत्सिया’. आणि फ्लोरेन्सचे मुख्य स्टेशन ‘सांता मारिया नोव्हेल्ला’ असले तरी फलकावर बहुधा ‘एस. एम. एन.’ एवढेच लिहिलेले असते. त्याच शहरात ‘कांपो दि मार्ते’ आणि ‘रिफ्रेदी’ ही दुसरी स्टेशने आहेत, ती चुकून निवडू नयेत. सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकावर मधल्या गावाचे नाव ठळक नसते, शेवटच्या गावाचे असते. सांगलीहून कराडला जाणारा माणूस ‘कराड’ लिहिलेली गाडी शोधत नाही, पुण्याची वा मुंबईची गाडी धरतो. तसेच लुक्काला जाताना फलकावर बहुधा ‘व्हियारेज्जो’ दिसेल आणि पिसाला जाताना ‘लिव्होर्नो’. गाडीचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ जुळवून पाहिली की चूक होत नाही. फलाट क्रमांक, ज्याला तिकडे ‘बिनारिओ’ म्हणतात, तो पुष्कळदा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच लागतो, म्हणून आधीपासून कासावीस होण्याचे कारण नाही. यंत्राजवळ कोणी अनोळखी व्यक्ती मदत करू लागली तर नम्रपणे नकार द्यावा. ती मदत शेवटी सुट्या पैशांवर येते, आणि कधी कधी पाकिटावर.

व्हेनिसचा दिवस वेगळा आहे. फ्लोरेन्सहून वेगवान गाडीला सव्वादोन तास लागतात. प्रादेशिक गाड्यांनी बदलत बदलत गेले तर अर्धा दिवस जातो, म्हणून एका दिवसाच्या सहलीसाठी वेगवान गाडीला पर्याय नाही. इथे जावयांचे ऐकावे आणि तारीख नक्की असेल तर आजच बसावे. फ्रेच्चारोस्सा आणि इटालो या दोन्हींच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर त्याच दिवसाची भाडी समोरासमोर पाहावीत, कारण एकाच मार्गावर दोन कंपन्या असल्याने कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे स्वस्त निघते, आणि जाताना एका कंपनीची व येताना दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे आपल्या लोकांना सांगावे लागते, कारण आपल्याकडे रूळ आणि गाडी एकाच मालकाची असते.

स्वस्त तिकिटांच्या अटी वाचून घ्याव्यात. ट्रेनितालियाचे ‘बेस’ हे पूर्ण भाड्याचे तिकीट गाडी सुटेपर्यंत दुसऱ्या गाडीवर बदलून घेता येते. ‘सुपर इकॉनॉमी’ सर्वांत स्वस्त असते, पण ते बदलत नाही आणि परतही होत नाही. माझी शिफारस अशी की जाताना स्वस्त आणि न बदलणारे तिकीट घ्यावे, कारण सकाळी हॉटेलातून वेळेवर निघणे आपल्या हातात असते. येताना मात्र बदलता येण्याजोगे घ्यावे, कारण व्हेनिसमध्ये रस्ता चुकणे हे ठरलेले असते, पाणबस गर्दीने भरून सुटते, आणि ग्रँड कॅनॉलवर ऊन कलू लागले की सौभाग्यवती ‘एवढी एक गल्ली’ म्हणणारच. पंधरावीस युरो वाचवण्यासाठी संध्याकाळभर घड्याळाकडे पाहत फिरणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्या छायाचित्रांतही ती घाई दिसते.

तिकीट काढताना ‘वेनेत्सिया सांता लुचिया’ हेच स्टेशन निवडावे. ‘वेनेत्सिया मेस्त्रे’ हे मुख्य भूमीवरचे आधीचे स्टेशन आहे. तिथे उतरणे म्हणजे सांगलीच्या गणपतीला जायला निघून मिरजेला उतरण्यासारखे आहे. पुढची गाडी मिळते, पण वेळ जातो. शिवाय 2024 पासून व्हेनिस शहर मुक्काम न करता येणाऱ्या पर्यटकांकडून वसंत व उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेसाठी, प्रवेश शुल्क घेते. 2025 मध्ये ते आधी भरल्यास पाच युरो आणि शेवटच्या दिवसांत भरल्यास दहा युरो होते. आपली तारीख त्या यादीत आहे का, हे शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून, शुल्क भरून, मिळणारा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवावा. गाडीच्या तिकिटात हे शुल्क नसते.

पैसे भरण्याची अडचण परदेशापेक्षा सांगलीतच अधिक येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतात. परदेशी व ऑनलाइन वापर आपणच बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. तो न करता तीनदा प्रयत्न करून ‘परकी वेबसाइट खराब आहे’ असे सांगत पुष्कळ जण माझ्याकडे येतात. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्या आकारावर जीएसटी लागतो, हे हिशेबात धरावे. तिथे गेल्यावर ऑनलाइन तिकीट काढायचे असेल, तर ओटीपी येणारे भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवावे. नवे सिम घालून जुने घरी ठेवून गेलेल्या माणसाला स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचता येत नाही. नाव भरताना आपल्या पद्धतीने वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये घालावे की नाही, असा प्रश्न नेहमी येतो. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या रकान्यांत जसे आहे, तसेच भरावे, आणि पासपोर्ट जवळ बाळगावा. शोधयंत्रात सर्वांत वर येणारी काही मध्यस्थ संकेतस्थळे त्याच तिकिटावर स्वतःचा आकार लावतात आणि बदल करायची वेळ आली की उत्तर देत नाहीत. मी स्वतः मध्यस्थाचे काम करतो, तरीही सांगतो की दोन माणसांच्या एका दिवसाच्या तिकिटासाठी कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ पुरेसे आहे. अनेक देशांच्या गाड्यांना चालणाऱ्या युरेल पासचाही विचार आपण करू नये: इटलीच्या वेगवान गाड्यांना पासवर पुन्हा आसन आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि आपल्या प्रवासात तो वसूल होत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये साधे तिकीट त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीला चालते, त्यामुळे गाडी चुकण्याची भीतीच उरत नाही; ‘सुपरसेव्हर’ नावाची स्वस्त तिकिटे मात्र एका ठरावीक गाडीची असतात. युंगफ्राउयोखची गोष्ट तिकिटापेक्षा हवामानाची आहे. ते स्टेशन 3,454 मीटर उंचीवर आहे, तिथवर रेल्वे 1912 मध्ये पोहोचली, आणि वर ढग असतील तर दिसते ते महाबळेश्वरला जुलैत दिसते तेवढेच. डोंगराच्या पायथ्याच्या इंटरलाकेन गावाहून वर जाऊन येण्याचे पूर्ण भाडे गर्दीच्या महिन्यांत माणशी दोनशे फ्रँकच्या वर जाते. एवढे पैसे धुक्यावर लावू नयेत. म्हणून आत्ता तिकीट न घेता प्रत्येकी एक ‘स्विस हाफ फेअर कार्ड’ घ्यावे. ते महिनाभर चालते आणि लुसर्न ते इंटरलाकेन तसेच वरचा डोंगरी टप्पा, दोन्ही ठिकाणी भाडे निम्मे करते. याउलट ठरावीक दिवस हवे तितके फिरू देणाऱ्या ‘स्विस ट्रॅव्हल पास’वर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या वाटेवरच्या गावांपर्यंत पैसे लागत नाहीत, पण त्यापुढच्या महाग टप्प्यावर केवळ 25 टक्के सवलत मिळते. आपण रोज फिरणार असाल, बोटीत बसणार असाल आणि रिगी डोंगरावरही जाणार असाल, तर पास सरस ठरतो, कारण रिगीची रेल्वे त्यात समाविष्ट आहे. एकच मोठी सहल असेल तर हाफ फेअर कार्ड.

तीन दिवसांतला कोणता दिवस युंगफ्राउयोखचा, हे लुसर्नला पोहोचल्यावरच ठरवावे. शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र ऑनलाइन दिसते. पहाटे ते पाहावे आणि आकाश निवळलेले असेल तर निघावे. इंटरलाकेनपर्यंत दोन तास, तिथून ग्रिंडेलवाल्डकडे, आणि डिसेंबर 2020 पासून सुरू झालेल्या ‘आयगर एक्सप्रेस’ या केबलगाडीने पुढचा टप्पा बराच लवकर होतो. गर्दीच्या महिन्यांत शेवटच्या डोंगरी गाडीचे आसन वेगळे शुल्क भरून राखून ठेवता येते. तेही आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून करावे.

शेवटी संपाबद्दल, कारण तो प्रश्न आपण विचारलेला नाही आणि इटलीत मेमध्ये तो उभा राहू शकतो. तिकडे रेल्वेचा संप, म्हणजे ‘शोपेरो’, आधी जाहीर करावा लागतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. निघण्याच्या आठवड्यात तारखा पाहून घ्याव्यात. संप व्हेनिसच्या दिवशी आला, तर आपली गाडी हमी दिलेल्या गाड्यांच्या यादीत आहे का ते तपासावे आणि नसेल तर संपाच्या कारणावरून तिकीट बदलून वा परत मागावे. पिसाच्या दिवशी आला, तर काहीच करावे लागत नाही, कारण आपण ते तिकीट अजून काढलेलेच नसेल. त्या दिवशी फ्लोरेन्समध्येच राहून दुसऱ्या सकाळी लुक्काची गाडी धरावी, आणि चढण्यापूर्वी शिक्का मारावा.